तू स्वतःला पात्र समजतेस का?

अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना आयुष्यातलं पहिलं महत्त्वाचं कार्ड मिळतं ते गाडीच्या लायसन्सच्या कितीतरी आधी. मूल ज्या वर्षी बारा पूर्ण करणार, त्या वर्षीच्या जानेवारीपासून ते मिळू शकतं; म्हणजे पुष्कळदा अकराव्या वर्षीच. पाकिटात मावेल एवढं कार्ड, त्यावर मुलाचं नाव, त्याची सही आणि बिशपची सही. मुदत एक वर्ष. याला ‘टेंपल रेकमेंड’ म्हणतात. रविवारची सभा भरते ती साधी इमारत सगळ्यांना खुली असते, तुम्ही-आम्हीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. टेंपलची गोष्ट वेगळी. तिथे दाराशी पांढऱ्या कपड्यांतले एक आजोबा कार्ड तपासायला बसलेले असतात. कार्ड दाखवून मुलं आत जातात, पांढरे कपडे घालतात आणि बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर तोललेल्या कुंडात मेलेल्या माणसांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. कधी न पाहिलेल्या खापरपणजीसाठी शाळेच्या आधी, भल्या पहाटे, पाण्यात एक बुडी.

हे कार्ड मिळवण्यासाठी मुलाखत द्यावी लागते. बिशपसमोर, त्याच्या छोट्या ऑफिसात, बहुतेक वेळा दार लावून.

बिशप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झगा आणि अंगठी येते. इथला बिशप आठवडाभर दाढा भरतो, विमा विकतो नाहीतर शाळेत गणित शिकवतो. त्याला या कामाचा पगार नाही, धर्मशास्त्राची पदवीही लागत नाही. पाचेक वर्षांसाठी त्याच्यावर ही जबाबदारी येते, मग ती दुसऱ्या कुणाकडे जाते. त्याच्या वॉर्डात, म्हणजे आमच्या भागात दोन-चार गल्ल्यांत, राहणाऱ्या सगळ्यांची सुखदुःखं त्याच्याकडे येतात. आमच्या गल्लीतला बिशप दातांचा डॉक्टर आहे. बर्फ पडला की तो आधी म्हाताऱ्या शेजारणीच्या दारातला रस्ता मोकळा करतो आणि मग स्वतःच्या. माणूस लाख मोलाचा. पण दुकानात भाजी घेतानाही पोरंसोरं त्याला ‘हाय, बिशप’ म्हणतात, आणि त्याच पोरांच्या मनातलं सगळ्यांत खाजगी त्याला ठाऊक असतं, हे मला अजून पचलेलं नाही.

सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्हो यांच्यामधल्या पट्ट्यात आयटी कंपन्या आल्या, त्यांच्यामागून आपली मंडळीही आली. तशीच आम्हीही आलो. त्यामुळे हा धर्म मला आधी शेजाऱ्यांमधून कळला, माहिती वाचली ती नंतर. (२०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं सांगितलं. पूर्ण नाव आहे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. शेजारीण हसून म्हणाली, तू मॉर्मनच म्हण, नाहीतर वाक्य संपेपर्यंत पोळी करपेल.)

मुलाखतीचे प्रश्न गुप्त नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नेल्सन यांनी ते जागतिक परिषदेत सगळ्यांसमोर वाचून दाखवले. देवावर, ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर विश्वास आहे का. चर्चच्या अध्यक्षांना प्रेषित मानता का. विचार आणि वागणूक शुद्ध ठेवण्याचा प्रयत्न करता का, लग्नाबाहेर शरीरसंबंध न ठेवण्याचा नियम पाळता का. उत्पन्नाचा पूर्ण दशमांश चर्चला देता का. खाण्यापिण्याचे नियम पाळता का. एखादं गंभीर पाप अजून सांगायचं राहिलंय का. आणि सगळ्यांत शेवटी: प्रभूच्या घरात जायला तू स्वतःला पात्र समजतोस का?

प्रौढांना हाच प्रश्न दर दोन वर्षांनी. मुलांना दरवर्षी, आणि मधल्या काळात बिशपशी किंवा त्याच्या सहायकाशी होणाऱ्या गप्पा वेगळ्या.

कार्डाच्या बरंच आधी हे सगळं सुरू झालेलं असतं. आठव्या वर्षी बाप्तिस्मा. आठ वर्षांच्या मुलाला बरंवाईट कळतं आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागतो, असं मानतात. त्याआधीही बिशप त्याच्याशी बोलतो. छोट्या बोटांत हिरव्या ढालीची अंगठी असते, तिच्यावर तीन अक्षरं, ‘योग्य तेच निवड’ या अर्थाची. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी माणसं दोन वेळचं जेवण सोडतात, वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, आणि त्या दिवशी सभेत कुणीही उठून माइकवर साक्ष देतं. पाच वर्षांची मुलंही चढतात. बाप कानात सांगतो, मूल माइकमध्ये म्हणतं, हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. ‘मला वाटतं’ असं कुणी म्हणत नाही, ‘माहीत आहे’ असंच म्हणायचं. ऐकायला गोड वाटतं. पण हेच वाक्य सोळाव्या वर्षी रात्री पांघरुणात एकट्याने उच्चारून पाहावं लागत असेल तेव्हा काय होत असेल, असं माझ्या मनात येतं.

एक कबूल करायला हवं. या मुलांचा मला हेवा वाटतो. बारा वर्षांचा मुलगा टाय लावून भरल्या सभेत पाच मिनिटं न अडखळता बोलतो. चौदाव्या वर्षापासून चार वर्षं रोज धर्माचा तास. युटात शाळेला लागूनच त्याची इमारत असते, १९१२ मध्ये सॉल्ट लेकमधल्या एका हायस्कूलशेजारी हा प्रकार सुरू झाला. युटाबाहेरची पोरं त्यासाठी सहाच्या सुमारास उठून जातात. आमच्या घरात सहा वाजता उठतो तो फक्त कुकर.

चहाबद्दल लिहिलं नाही तर मराठी माणसाने युटाबद्दल लिहिलंच काय! चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८३३ मध्ये जो साक्षात्कार झाला, त्यात दारू-तंबाखूबरोबर ‘गरम पेयं’ही निषिद्ध ठरली, आणि गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ लावला गेला. आधी हा सल्ला होता. १८४७ मध्ये बैलगाड्या हाकत या खोऱ्यात जे मॉर्मन आले, त्यांच्या सामानाच्या याद्यांतही चहा-कॉफी सापडते. १९२१ च्या सुमारास, हीबर ग्रँट अध्यक्ष असताना, हा सल्ला पाळणं ही टेंपलमध्ये जाण्याची अट झाली. मग बारकावे आले. कोकाकोला चालतो का? चालतो, असं २०१२ मध्ये स्पष्ट झालं. ग्रीन टी? तोही चहाच, नाही चालत, हे २०१९ मध्ये तरुणांना सांगितलं गेलं, त्याबरोबर ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘चीनो’ आहे अशा पेयांपासूनही सावध राहायला सांगितलं. परिणामी आमच्याकडे गल्लोगल्ली सोडा विकणारी दुकानं आहेत. कोकमध्ये नारळाचं सिरप आणि वर साय घालून बादलीएवढा ग्लास देतात, सकाळी आठ वाजता गाड्यांची रांग असते. आई इथे आली होती तेव्हा शेजारची मुलगी घरी आली. आईने आलं घालून चहा टाकला होता. मुलीने वास घेतला, डोळे मिटले आणि नको म्हणाली. घोटभर तर घे गं, आई मराठीतूनच म्हणाली. ती गेल्यावर आईचा निकाल: चहासुद्धा पीत नाहीत म्हणजे माणसं पुण्यवान असणारच, पाप करायला अंगात तरतरी कुठून यायची!

पण चहाला इतकं महत्त्व का आलं, त्याचं कारण मला मुलाखतीच्या खोलीत दिसतं. मूल प्रेमळ आहे का, वर्गात एकट्या पडलेल्या पोराशेजारी जाऊन बसतं का, हे पाच मिनिटांत कुणाला विचारता येत नाही. चहा पितोस का, हे येतं. दहा डॉलर मिळाले तर एक दिलास का, हे येतं. हो किंवा नाही असं उत्तर निघेल ते प्रश्न पुढे येतात, आणि हळूहळू मुलाला वाटायला लागतं की चांगुलपणा म्हणजे या उत्तरांची बेरीज.

यातलं गणित मला कळलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. तो मॉर्मन घरात वाढला, आता चर्चमध्ये जात नाही, पण चर्चवर रागही नाही. सोळाव्या वर्षी इथले मुलगे रविवारच्या प्रभुभोजनाची प्रार्थना म्हणतात. ब्रेडचे तुकडे करायचे, गुडघे टेकायचे, आणि ठरलेले शब्द जसेच्या तसे वाचायचे. एक शब्द चुकला तर बिशप खूण करतो, पुन्हा पहिल्यापासून. मग बारा-तेरा वर्षांची मुलं ताटं घेऊन बाकांमधून फिरतात. तर सोळाव्या वर्षी या सहकाऱ्याने मुलाखतीत खरं सांगितलं. काय सांगितलं ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्या वयात जे असायचं तेच. बिशप रागावला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, खरं बोललास याचा मला अभिमान आहे. आणि मग सांगितलं की काही आठवडे प्रार्थना म्हणू नकोस, ब्रेडही घेऊ नकोस.

आता पुढच्या रविवारी काय होणार हे त्या वॉर्डातल्या लहान पोरालाही कळतं. इतके दिवस टेबलापाशी बसणारा मुलगा आज आईजवळ बसलाय. ताट त्याच्यापर्यंत आलं आणि त्याने ते तसंच पुढे सरकवलं. कुणी काही बोललं नाही. ही माणसं सभ्य आहेत, बोलत नाहीत. त्याची आई समोर बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही. पाप काय ते कुणाला माहीत नव्हतं, पाप आहे हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

याचा थोरला भाऊ तेव्हा मिशनच्या, म्हणजे धर्मप्रचाराला जायच्या, तयारीत होता. रात्री तो याच्या पलंगावर येऊन बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘असं सगळं सांगायचं नसतं रे.’

मला या सगळ्या व्यवस्थेत खुपतं ते हेच. लबाड मूल या चाळणीतून सहज निसटतं. त्याला काय, पाच-सात वेळा हो-नाही म्हणायचं आणि कार्ड घेऊन बाहेर पडायचं. अडकतं ते मनाने सरळ मूल, ज्याने धर्माचं म्हणणं खरोखर मनावर घेतलंय. आणि शेवटचा प्रश्न तर केवळ त्याच्यासाठीच काढल्यासारखा आहे. पात्र आहेस का, असं दुसऱ्याने ठरवलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे निकाल ज्याचा त्याने द्यायचा, तो आपल्याच तोंडाने उच्चारायचा, तोही दातांच्या डॉक्टरसमोर. तेरा वर्षांची मुलगी, जिला आरशातही स्वतःत शंभर चुका दिसतात, ती यावर काय म्हणणार?

मुलींच्या बाबतीत हे आणखी जड होतं. मुलग्यांना ताटं फिरवायला, प्रार्थना म्हणायला, पुढे पौरोहित्याच्या पायऱ्या चढायला मिळतात. मुलींच्या वाट्याला कपडे येतात. चर्चची तरुणांसाठी एक पुस्तिका आहे, पहिली १९६५ मध्ये निघाली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत स्कर्टची लांबी, बाह्या, कानातल्यांची संख्या सगळं होतं. आपण मुलीचे कान बाराव्या दिवशी टोचतो, इथे दुसरं भोक पाडलं की चर्चा होते. आणि शुद्धतेचे धडे! एक चघळलेलं च्युइंगगम दाखवायचं आणि विचारायचं, आता हे कोण तोंडात घालेल? हे फक्त मॉर्मनांत चालतं असं नाही, अमेरिकेत इतरत्रही चालत आलंय. एलिझाबेथ स्मार्ट ही सॉल्ट लेकमधली मॉर्मन मुलगी. २००२ मध्ये, चौदा वर्षांची असताना, तिला घरातून पळवून नेलं, नऊ महिने कैदेत ठेवून अत्याचार केले. सुटून मोठी झाल्यावर, २०१३ मध्ये एका भाषणात तिने सांगितलं की त्या काळात तिला शाळेतल्या शिक्षिकेचं ते च्युइंगगमचं उदाहरण आठवत होतं. आपण आता टाकून देण्याच्या लायकीचे, असं तिला वाटलं होतं, आणि असं वाटल्यावर पळून तरी कशासाठी जायचं. जिने काहीही केलं नव्हतं तिलाही पात्रतेची ही भाषा लागू पडली. ते वाचल्यापासून मी या विषयाकडे गंमत म्हणून बघू शकलेले नाही.

आतूनही विरोध झालाच. ह्यूस्टनमधले सॅम यंग हे माजी बिशप. बंद दाराआड एकट्या मुलांना लैंगिक प्रश्न विचारणं थांबवा, असं म्हणत त्यांनी मोहीम चालवली, मार्च २०१८ मध्ये सॉल्ट लेकमधल्या मुख्यालयावर मोर्चा नेला, पुढे उपोषणही केलं. मोर्च्याच्या थोडंसं आधी चर्चने नियम बदलला: मुलाला हवं असेल तर आई-वडील किंवा दुसरं मोठं माणूस मुलाखतीला बसू शकेल. त्या वर्षी प्रश्नही छापून जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यंग यांना चर्चमधून काढून टाकण्यात आलं.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की पुढची परीक्षा, मिशन. दोन वर्षं घर सोडून, स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या पैशाने, पाठवतील त्या देशात. सुरुवातीच्या काळात या कामाला पाठवत ते बहुधा प्रौढ, लेकुरवाळे पुरुष. अशांपैकीच ह्यू फिंडले १८५० च्या दशकात आपल्या मुंबई-पुण्यातही प्रचार करून गेले. विसाव्या शतकात मिशन पोरांची परीक्षा झाली. प्रत्येक पात्र तरुणाने जायलाच हवं, असं १९७० च्या दशकात तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी सांगितलं. २०१२ मध्ये मुलग्यांचं वय १९ वरून १८ वर आणलं, मुलींचं २१ वरून १९ वर; २०२५ मध्ये मुलींचंही १८ झालं. मुलींची मिशन दीड वर्षाची आणि ऐच्छिक, मुलग्यांचं कर्तव्य. तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा गावातच फिरताना दिसला की शेजारपाजार मनातल्या मनात विचारतो, का बरं गेला नाही? आणि सहा महिन्यांत परत आला, मग कारण आजारपण का असेना, तर विमानतळावर फुगे घेऊन कुणी येत नाही. पूर्ण करून येणाऱ्यांसाठी मात्र अख्खं कुटुंब फलक घेऊन उभं असतं. कधी सॉल्ट लेकला उतरलात तर बघा, डोळे भरून येतात, धर्माशी आपला काही संबंध नसला तरी.

मग प्रोव्होचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. तिथली फी चर्चच्या मदतीमुळे मॉर्मन विद्यार्थ्यांना कितीतरी कमी. पण दरवर्षी धर्मगुरूची शिफारस लागते आणि दाढी ठेवता येत नाही. आणि विद्यापीठाला नाव कुणाचं, तर दाढीवाल्या ब्रिगहॅम यंग यांचं, चर्चच्या दुसऱ्या अध्यक्षांचं! असो. खरी गोम शिफारशीत आहे. एखादा हिंदू वा मुसलमान मुलगा तिथे नियम पाळून शिकू शकतो. मॉर्मन मुलगा मात्र शिकता शिकता चर्च सोडून बाहेर पडला तर शिफारस जाते, आणि तिच्याबरोबर जागाही. म्हणून तिसऱ्या वर्षाला असलेली, श्रद्धा उडालेली मुलं पदवी हातात पडेपर्यंत दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून जात राहतात. माझ्या सहकाऱ्याने तेच केलं. थोरल्या भावाचा सल्ला शेवटी कामी आला, म्हणाला.

आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी पाळावी लागते. माझ्या आजोबांची माळ होती. ते चुकले असतील तर ते त्यांना आणि विठ्ठलाला ठाऊक. दरवर्षी कुणासमोर बसून उत्तरं द्यावी लागली नाहीत. म्हणून आपलं सगळं मोकळंढाकळं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जन्मानेच अपात्र ठरवून पायरीपाशी अडवलेल्यांना तर मुलाखतीचीही संधी नव्हती. तेवढं लक्षात ठेवूनच इथल्या बिशपांबद्दल बोलावं.

२०२२ मध्ये त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. कानातल्यांचा उल्लेख गेला, कपड्यांची यादी गेली. त्याऐवजी तत्त्वं दिली आहेत, निर्णय तुम्ही घ्या म्हणून. शेजारणीला हे फार आवडलं. तिच्या नवऱ्याला तितकं नाही, यादी होती तेव्हा निदान संपायची तरी, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, त्याच्या म्हणण्यात दम आहे. यादी गेली पण मुलाखत राहिली, आणि शेवटचा प्रश्न तर शब्दशः तिथेच आहे.

शेजारच्या मुलीची यंदाची मुलाखत जवळ आली होती. आमच्या ओट्यापाशी बसून हॉट चॉकलेट पिता पिता तिने ते सांगितलं. मी अगदी समजूतदार मावशीच्या थाटात म्हटलं, आता आईला आत नेता येतं ना, मग ने की बरोबर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिला काही म्हणजे काही कळत नाही.

‘आईसमोर?’ ती म्हणाली. ‘त्यापेक्षा बिशप परवडला. तो निदान रात्री आमच्या घरी जेवायला नसतो.’